पान सुरकुतले, तर आधी मूळ पाहा

पुण्यातील एका सदनिकेच्या पूर्वेकडील खिडकीत ठेवलेल्या, या चित्रणातील फॅलेनॉप्सिस ऑर्किडची पाने जुलैच्या मध्यावर अशी दिसत होती. एरवी जाड, ताठ आणि चकचकीत असणारी ही पाने मऊ पडून कुंडीच्या काठावर टेकली होती आणि त्यांवर लांबीच्या दिशेने बारीक सुरकुत्या उमटल्या होत्या. झाड तहानलेले आहे असे वाटून घरच्या मंडळींनी दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली, आणि पाने आणखी मऊ पडली.

डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडला असते तसे पाणी साठवणारे फुगीर खोड फॅलेनॉप्सिसला नसते. त्याचा साठा मुख्यतः पानांत आणि मुळांत असतो. त्यामुळे पान सुरकुतले की त्याच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, एवढे नक्की समजते. मात्र झाडाला पाणी मिळालेच नाही, की मिळालेले पाणी ओढून घेणारी मुळेच उरली नाहीत, हे केवळ पान पाहून ओळखता येत नाही, कारण दोन्ही कारणांनी पान सारखेच दिसते. म्हणून पाण्याचे भांडे हाती घेण्यापूर्वी झाड कुंडीतून बाहेर काढावे, असा आमचा आग्रह आहे.

पाहा, कुंडीत मातीऐवजी भरलेली झाडाची साल बाहेरच्या बाजूने कोरडी आहे, परंतु मध्यभागी, विक्रीच्या वेळी रोपाभोवती घट्ट दाबून भरलेल्या मॉसचा, म्हणजे शेवाळाचा गोळा अजूनही चिंब आहे. त्यातील मुळे तपकिरी झाली आहेत. चिमटीत धरून ओढले की त्यांचे आवरण सुटून येते आणि आत केवळ दोऱ्यासारखी तार उरते. ही मूळकूज आहे. अकरा मुळांपैकी तीनच टणक निघाली.

त्या तिघांपैकी एकावर आता पाणी शिंपडले आहे. राखाडी, चंदेरी मूळ काही क्षणांत हिरवे होताना दिसते. मुळाभोवती व्हेलामेन नावाचे मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना त्यात हवा असल्यामुळे ते चंदेरी दिसते, आणि पाणी शोषताच पारदर्शक होऊन आतील हरितद्रव्य दाखवते. पाणी केव्हा द्यावे याचे उत्तर या रंगातच आहे, आणि म्हणूनच ऑर्किड पारदर्शक कुंडीत लावणे आम्हाला शहाणपणाचे वाटते.

कोकणात आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडावर सीतेची वेणी हे ऑर्किड पाहिलेल्यांना हे नवे वाटणार नाही. तिला बांडगूळ समजणारे पुष्कळ आहेत, परंतु बांडगूळ यजमान झाडातून रस शोषते, तर ऑर्किड केवळ आधार घेते; तिची मुळे पावसाच्या सरीत भिजतात आणि वाऱ्यावर सुकतात. १८२५ मध्ये कार्ल लुडविग ब्लूम यांनी ज्याला फॅलेनॉप्सिस, म्हणजे पतंग या कीटकासारखे, हे नाव दिले, त्या झाडांच्या बहुतेक जातीही अशाच झाडांवर वाढणाऱ्या अपिवनस्पती आहेत. अशा मुळाला ओल्या गोळ्यात कोंडले की हवेवाचून ते कुजते.

पानावरील प्रत्येक खूण मात्र मुळाची नसते. सर्वांत खालचे एकच पान हळूहळू पिवळे होऊन गळत असेल आणि बाकीची पाने टणक असतील, तर ते त्याचे वय झाले आहे, इतकेच. पश्चिमेच्या सज्जात ठेवलेल्या या दुसऱ्या झाडाच्या पानावर उन्हाच्या बाजूलाच फिकट चट्टा पडला आणि तो वाळून तपकिरी झाला. त्याच्या कडेने पेनाने ओढलेली रेष आठवड्यानंतरही चट्ट्याच्या कडेलाच होती, म्हणजे तो पसरला नाही; ते उन्हाने भाजणे होते. या तिसऱ्या पानावरचा पाणथळ, पिवळ्या वलयाचा डाग मात्र दोन दिवसांत रेषेपलीकडे गेला. तो जिवाणूंचा असावा, असे धरून निरोगी भागासह पान कापले गेले. पाते प्रत्येक झाडापूर्वी ज्योतीवर तापवून घ्यावे, कारण कापताना रसातून पसरणाऱ्या सिंबिडियम मोझेकसारख्या विषाणूंवर उपाय नाही.

पानाच्या खालच्या बाजूने पांढरा कापूस फिरवल्यावर हा तांबूस माग उमटला, तो लाल कोळी या बारीक किडीचा; पानाच्या बगलेतील कापसासारखे पुंजके पिठ्या ढेकणाचे आहेत. पानांच्या मधल्या गाभ्यात पाणी साचून राहिले तर तो कुजतो, आणि शेंडा एकच असल्यामुळे बहुतेक झाडे मग वाचत नाहीत.

पुन्हा खिडकीतल्या झाडाकडे येऊ. कुजलेली मुळे कापून, मॉस पूर्ण काढून, ते पाइनची साल आणि लोणारी कोळसा यांच्या भरड मिश्रणात, मुळांच्या मापाच्या लहान कुंडीत लावले. त्यानंतर उरलेली मुळे चंदेरी झाल्यावरच पाणी देण्यात आले. हे शेवटचे चित्रण ऑक्टोबरमधील आहे. जुनी पाने अजून सुरकुतलेलीच आहेत, आणि त्यांतील काही कदाचित तशीच राहतील. खोडाच्या डाव्या बाजूने हिरव्या टोकाचे एक नवे मूळ निघाले आहे. ते अद्याप सालीपर्यंत पोहोचलेले नाही.