पहिलं कलम आणि सतरावं कलम

मित्रहो, व्हर्सायच्या राजवाड्यात एक चित्र आहे. १७९७ सालचं, जिरोदे नावाच्या फ्रेंच चित्रकारानं काढलेलं. त्यात एक काळा माणूस उभा आहे. निळा कोट, कमरेला तिरंगी पट्टा, हातात तुऱ्याची टोपी. फ्रान्सच्या लोकप्रतिनिधीचा हा पोशाख. त्याचं नाव जाँ-बातिस्त बेले. जन्म सेनेगलच्या किनाऱ्यावरचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढं स्वतःची किंमत स्वतः मोजून सुटलेला. त्याचं कोपर ज्या चौथऱ्यावर टेकलंय, त्यावर पांढऱ्या संगमरवरातला एक अर्धपुतळा आहे. तो रेनालचा.

हा रेनाल पाद्री होता. युरोपियनांनी ‘दोन्ही इंडीज’मध्ये केलेल्या व्यापाराचा त्यानं मोठा इतिहास लिहिला. त्यातला एक इंडीज म्हणजे आपण, बरं का. दुसरा तिकडचा, कॅरिबियन बेटांचा. एक दिवस गुलामांमधून त्यांचा नायक उभा राहील, असा इशारा त्या ग्रंथात होता. १७८१ साली पॅरिसमध्ये तो सरकारी हुकमानं जाळला गेला. आता चित्र पाहणारा म्हणेल, रेनालनं विचार दिला आणि बेलेनं तो घेतला. मला हे मान्य नाही. का, तेच आज सांगायचंय.

२६ ऑगस्ट १७८९ला फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेनं मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात सतरा कलमं. पहिलं आपण शाळेत पाठ करतो: माणसं जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान असतात. शेवटचं, सतरावं, कुणी पाठ करत नाही. ते म्हणतं, मालमत्ता हा पवित्र आणि अभेद्य हक्क आहे. सार्वजनिक गरज असेल तरच ती घेता येईल, आणि तीही न्याय्य भरपाई आगाऊ देऊन. फ्रान्सच्या वसाहतींत १६८५ पासून जो कायदा होता, त्यात गुलाम हा जंगम मालमत्तेत मोडत होता. म्हणजे तो पहिल्या कलमातला माणूस, की सतराव्या कलमातली मालमत्ता? एकाच कागदावर दोन्ही कलमं, आणि मधे हा.

हा शब्दच्छल नाही. सँ-दोमँग ही फ्रान्सची सगळ्यात किफायतशीर वसाहत, आजचा हैती. तिथं जवळपास पाच लाख गुलाम होते आणि गोरे तीस-चाळीस हजार. तिथल्या मळेवाल्यांनी राष्ट्रीय सभेत जागा मागताना लोकसंख्येत गुलामही मोजून दाखवले. तेव्हा सभेतला नामांकित वक्ता मिराबो उखडला. ती माणसं असतील तर त्यांना मत द्या. नसतील, तर आम्हीही फ्रान्सचे प्रतिनिधी ठरवताना आमचे घोडे आणि खेचरं मोजलेली नाहीत, असा त्याचा मुद्दा होता. मळेवाल्यांना सहा जागा मिळाल्या. गुलामांचं काय, हा प्रश्न सभेनं बाजूला सारला.

तुमच्यापैकी कोल्हापूर-सांगलीकडचे लोक गुऱ्हाळ पाहून आहेत. चरक, काहिल, चुलवाण तुम्हाला सांगायला नको. तिथंही तेच होतं, फक्त हंगामात रात्रंदिवस. ऊस सारणारा पेंगला की हात रुळांत जायचा. म्हणून चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे. चरक थांबेपर्यंत माणूस आत ओढला जाईल, त्यापेक्षा हात तोडलेला बरा. युरोपातली कॉफी गोड व्हायची ती या साखरेनं. कॉफीसुद्धा बरीचशी तिथलीच. आणि पॅरिसच्या कॉफीगृहांत स्वातंत्र्यावर वाद झडत होते.

१७९० साली व्हँसाँ ओजे नावाच्या मिश्रवर्णीय व्यापाऱ्यानं तिथं उठाव केला. मागणी अगदी बेताची: जे आधीच मुक्त आहेत आणि मालमत्ता बाळगून आहेत, अशा आम्हा रंगीत लोकांना समान हक्क द्या. गुलामांबद्दल अक्षर नाही. या वर्गातल्या कित्येकांकडे स्वतःचेच गुलाम होते. तरी १७९१ च्या फेब्रुवारीत त्याला चाकावर बांधून, हाडं मोडून मारलं.

त्याच वर्षी २२ ऑगस्टच्या रात्री उत्तरेकडचे गुलाम उठले. उसाचे मळे आणि साखरेचे कारखाने पेटले. उठलेल्यांत निम्म्याहून अधिक आफ्रिकेत जन्मलेले होते. त्यांनी रेनाल वाचला नव्हता. स्वातंत्र्य म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायला हवं होतं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती कुऱ्हाड आठवावी.

दोन वर्षांनी फ्रान्सचा प्रतिनिधी सोंतोनाक्स तिथं पुरता अडचणीत सापडला. एकीकडून स्पेन, दुसरीकडून इंग्लंड. सैनिक हवेत, आणि लढणारी माणसं म्हणजे हेच बंडखोर. २९ ऑगस्ट १७९३ ला त्यानं उत्तर प्रांतातली गुलामी रद्द केली. मग तिथून तीन प्रतिनिधी पॅरिसला गेले: एक गोरा, एक मिश्रवर्णीय आणि एक काळा. तो काळा म्हणजे आपला बेले. ते सभागृहात आले आणि दुसऱ्याच दिवशी, ४ फेब्रुवारी १७९४ ला, सगळ्या वसाहतींतली गुलामी रद्द झाली. मालकांना भरपाई नाही. पॅरिसनं मोठ्या मनानं दिलं म्हणतात. अहो, जे हातातून गेलंच होतं, त्यावर सही केली! गुलामांची मुक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं अमेरिका येते. जोतीरावांनीही १८७३ साली ‘गुलामगिरी’ तिथल्याच भल्या लोकांना अर्पण केली. पण अमेरिकेनं गुलामी मोडली ती या ठरावानंतर सत्तर वर्षांनी.

या बंडातून पुढं आलेला सेनानी, तूसाँ लूव्हेर्त्युर, त्याच्याबद्दल थोडं. त्याचा देव करू नका. १८०१ च्या त्याच्या राज्यघटनेत, या भूमीवर गुलाम असू शकत नाही, असं स्वच्छ लिहिलंय. त्याच घटनेनं त्याला तहहयात गव्हर्नर केलं, आणि सुटलेल्या माणसांना पुन्हा त्याच मळ्यांना बांधून घातलं. साखर पिकली नाही तर बंदुका कशानं आणायच्या, हा त्याचा पेच होता. नेपोलियननं सैन्य पाठवून त्याला पकडून नेलं. ज्युरा पर्वतातल्या एका किल्ल्याच्या कोठडीत, एप्रिल १८०३ मध्ये तो गेला.

त्या मोहिमेतला एक प्रसंग फ्रेंच सेनाधिकाऱ्यानंच लिहून ठेवलाय. क्रेत-आ-पिएरो नावाचा एक किल्ला. बाहेर फ्रेंचांचा वेढा, आत काळे सैनिक. रात्री आतून गाण्याचे सूर यायला लागले, आणि गाणी होती फ्रेंच क्रांतीची. बाहेरचे शिपाई एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. न्याय कुणाच्या बाजूला आहे, आपण कोण आहोत?

त्याच सैन्यात हजारो पोलिश सैनिक होते. पोलंड १७९५ ला नकाशावरून पुसला गेला होता. नेपोलियन आपला देश परत मिळवून देईल म्हणून ते त्याच्याकडे लढत होते, आणि त्यांना धाडलं कुठं, तर दुसऱ्यांचं स्वातंत्र्य चिरडायला. बहुतेक पिवळ्या तापानं मेले, काही फुटून बंडखोरांना मिळाले. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. नंतरच्या महिन्यांत हैतीचा पहिला शासक देसालीन यानं उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल केली, बायकामुलांसकट. हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या वर्षीच्या त्याच्या घटनेनं ठरवलं की हैतीच्या सगळ्या नागरिकांना ‘काळे’ म्हणायचं, आणि नागरिकांत तिथं राहिलेले पोलिश आणि जर्मनही धरले. म्हणजे पोलंडचा गोरापान माणूस कायद्यानं काळा! राष्ट्र म्हणजे रक्त की भाषा, यावर युरोपात पुढं शंभर वर्षं डोकेफोड झाली. या लोकांनी एका वाक्यात भलताच निकाल लावला.

आता सतराव्या कलमाकडे या. १८२५ साली फ्रान्सच्या गादीवर दहावा चार्ल्स होता, गिलोटिनवर गेलेल्या राजाचा धाकटा भाऊ. क्रांती या शब्दानंही त्याचं डोकं उठायचं. पण त्या एप्रिलमध्ये त्यानं दोन कामं केली. क्रांतीत जमिनी गमावलेल्या सरदारांना भरपाई देणारा कायदा आणला, आणि हैतीला फर्मान पाठवलं: मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक द्या, तरच तुमचं स्वातंत्र्य मानू. फर्मान एकटं आलं नाही, १४ लढाऊ जहाजं घेऊन आलं. राष्ट्राध्यक्ष बोयेनं सही केली.

पहिला हप्ता ३ कोटींचा. तो भरायला पॅरिसच्याच बँकवाल्यांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं. त्यांनी शंभराला ऐंशी या भावानं दिलं. हातात पडले २ कोटी ४० लाख, व्याज मात्र पूर्ण ३ कोटींवर. उरलेल्या रकमेसाठी हैतीनं सरकारी तिजोरी खरवडली. १८३८ साली भरपाईचा आकडा उतरवून ९ कोटींवर आणला, पण ती फेडायला कर्ज, त्या कर्जासाठी नवं कर्ज, असं चालूच राहिलं. शेवटचा हप्ता फिटला १९४७ साली.