खंडेनवमीच्या आधी चाकूचा खिळा बघा

नमस्कार श्रोतेहो.

खंडेनवमी बारा दिवसांवर आली. आमच्या घरी या सुमारास माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरते. कोयता, कानस, अडकित्ता निघतो आणि अगदी तळाशी फडक्यात गुंडाळलेला घडीचा चाकू निघतो. त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं आणि दसरा झाला की तो पुन्हा पेटीत जातो. असे चाकू नाशकातल्या कितीतरी घरांत आहेत. यंदा तो पुजण्याआधी कामाचा करा, एवढंच सांगायला मी आज आलो आहे. माझी नोकरी सातपूरला टूलरूममध्ये गेली. हत्यार गंजत पडलेलं मला बघवत नाही.

श्रावणात पिंपळगाव बसवंतचा एक तरुण द्राक्षबागायतदार माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, आजोबांचा चाकू आहे. कोपरीच्या खिशात असायचा. डॉगरिजच्या खुंटावर यंदाची कलमं मला यानंच बांधायची आहेत." डॉगरिज ही द्राक्षाच्या खुंटाची जात, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळाच्या झाडाची; तिच्यावर हव्या त्या द्राक्षाची काडी बसवतात. चाकू मिटलेला साडेतीन इंच, शिंगाची मूठ, आत पितळी पट्ट्या. पातं गंजून बसलेलं, आणि मिटलेल्या चाकूचं टोक मुठीबाहेर डोकावत होतं. हे टोक खिशात हात घातला की बोटात जाणार. त्यानं आधी टोक दाखवलं नाही, गंज दाखवला. बहुतेकांचं असंच होतं. गंज डोळ्यांना दिसतो, धोका दुसरीकडेच असतो.

पाती उघडण्याची घाई करू नका. पात्यावर नख घालायची जी खाच असते, तिच्यात पक्कड घालून ओढलं की एक तर टोक मोडतं, नाही तर कमान तडकते. कमान म्हणजे मुठीच्या पाठीला असलेली पोलादी पट्टी. तिच्याच जोरावर पातं उघडं राहतं आणि मिटलेलं राहतं. सांध्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा आणि चाकू रात्रभर तसाच ठेवा. अख्खा चाकू तेलात बुडवू नका, शिंग, हाड, लाकूड तेल पितं. दुसऱ्या दिवशी पातं केसभर हलतं का बघा. हललं की पुन्हा थेंब, पुन्हा थोडी हालचाल. सांध्यातून काळं-तांबडं पाणी येत राहील, ते पुसत राहा. पिंपळगावच्या चाकूला तीन दिवस लागले. पातं उघडलं की लगेच त्याच्यावर जाड कागद गुंडाळून चिकटपट्टी लावा. पुढचं सगळं काम धार झाकूनच करायचं.

मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, असेल तर मात्र थांबा. जुनी रंगीबेरंगी, शिंपल्यासारखी चमकणारी मूठ बहुधा सेल्युलॉइडची असते. ती कुजायला लागली की तिच्यातून आम्लाची वाफ निघते आणि स्वतःच्या पात्याबरोबर पेटीतल्या शेजारच्या हत्यारांनाही गंज चढवते. मुठीला भेगा पडल्या असतील, कापरासारखा वास येत असेल, तर तो चाकू वेगळा ठेवा आणि ज्योतीपासून लांब ठेवा. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

गंज दोन रंगांचा असतो. तांबडा खातो, तो काढायचा. काळसर-करडी झाक मात्र पोलादाचं पांघरूण आहे, ती राहू द्या. तांबडा गंज तेल लावून तांब्याच्या तुकड्याच्या कडेनं खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ असतं, ओरखडा पडत नाही. पॉलिश पेपर घेऊन आरशासारखं चकाकवायला गेलात तर बुडाचा ठसा पुसून जाईल, आणि चाकूचं कूळ त्या ठशातच असतं. चांदणी आणि माल्टाचा क्रूस दिसला, तर ती शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण, १६८२ सालापासूनची. तिच्या नकलाही पुष्कळ झाल्या, म्हणून नुसत्या ठशावर भाळू नका. त्याच शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली न गंजणारं पोलाद ओतलं. आपल्या आजोबा-पणजोबांचे चाकू बहुतेक साध्या कार्बन पोलादाचे. ते गंजतात, पण धार सुरेख घेतात.

आता खिळा, म्हणजे पातं ज्याच्याभोवती फिरतं तो. सगळी पारख इथेच आहे. पातं उघडा, मूठ एका हातात धरा आणि झाकलेलं पातं डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. लटपटलं, तर खिळा सैल झालाय. मुठीच्या टोकाला धातूची टोपी असेल तर खिळा तिच्यात घासून एकजीव केलेला असतो, दिसत नाही. टोपी कोरडी पुसा आणि पातं चार वेळा उघडा-मिटा, आतलं तेल खिळ्याभोवती बारीक कड्यासारखं पाझरतं. तिथेच ठोकायचं. पातं आणि पितळी पट्टी यांच्यामध्ये कागदाचा कपटा ठेवा म्हणजे सांधा गच्च आवळला जाणार नाही. टोपी ऐरणीवर सपाट टेकवून छोट्या हातोडीनं हलके ठोके द्या, मग उलटवून दुसऱ्या बाजूनं. दोन ठोके, तपासणी, दोन ठोके. शिंगावर एकही ठोका पडता कामा नये. आणि कमानीला तडा दिसला तर तो चाकू पूजेतच राहू द्या. उघडल्यावर या चाकूला कुलूप लागत नाही, फक्त कमान दाबून धरते. तिनं दगा दिला तर पातं बोटांवर मिटतं. कमान धड असली तरी टोक खुपसून भोक पाडायचं काम याला कधीच सांगू नका.

मुठीबाहेर डोकावणारं टोक बसवायला वेळ द्यावा लागतो. वर्षानुवर्षं धार लावल्यानं टोक हळूहळू पाठीकडे सरकतं, आणि मिटलेल्या चाकूत पाठ वर असते, म्हणून टोक बाहेर येतं. पात्याच्या बुडाशी, धार सुरू होण्याच्या अलीकडे, एक छोटा उंचवटा असतो. चाकू मिटला की तो कमानीवर टेकतो आणि धार अधांतरी राहते. तो उंचवटा डायमंडच्या बारीक कानशीनं किंचित उतरवला की पातं खाली बसतं. जास्त उतरवला तर धारच कमानीवर आपटेल. म्हणून मुठीच्या फटीत कागदाची पट्टी घालून चाकू मिटायचा. पट्टीवर काप उठला की समजायचं, हद्द झाली. पिंपळगावच्या चाकूला मी चार वेळा कानस लावली आणि चारही वेळा पट्टी घातली.

धारेसाठी निसणा, म्हणजे धार लावायचा दगड घ्या, ग्राइंडर नको. बावीस वर्षांचा असताना मी वडिलांचा चाकू ग्राइंडरच्या चाकावर धरला. ठिणग्या उडाल्या आणि क्षणात धारेवर निळा रंग चढला. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की असं निळं पडतं, आणि धारेचं पाणी, म्हणजे तिचा कठीणपणा, उतरतो. त्या धारेनं पेरूही नीट कापला जाईना. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी चाकू घडी करून खिशात ठेवला. मला ते आजही लागतं.

निसण्यावर पातं २० अंशांत धरायचं. कोनमापक नको. पातं दीड सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ पाच मिलिमीटर उचला, झालं. कलमाच्या चाकूची गोष्ट वेगळी. त्याला बहुधा एकाच बाजूनं उतार असतो, धार त्याच बाजूनं लावायची. दुसरी बाजू निसण्यावर आडवी ठेवून धार लावताना कडेला उठलेला बारीक कंगोरा फक्त काढायचा. पाचर कलमात काडीचा काप सपाट यावा लागतो. बोथट पातं साल चिरडतं, मग खुंट आणि काडी यांची गाठ नीट पडत नाही.

शेवटी सांध्यात तेलाचा एक थेंब. खोबरेल घालू नका, ते २४ अंशांच्या खाली गोठतं आणि आपल्याकडे पौषात सांधा मेणासारखा बसतो. शेंगदाण्याचं तेलही चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल उत्तम. चाकूनं फळं कापणार असाल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन वापरा.

पिंपळगावचा मुलगा चाकू न्यायला आला, तेव्हा मी तो त्याच्या हातात मिटलेलाच दिला. त्यानं आधी अंगठा मुठीवरून टोकाकडे फिरवला. टोक लागलं नाही. मग त्यानं पातं उघडलं, आणि कमानीचा 'खट्' असा आवाज आला.

तेल मुरायला तीन दिवस, गंजाला दोन संध्याकाळी, खिळ्याला एक. आज रात्री पेटी उघडून सांध्यावर थेंब सोडलात तर नवमीला चाकू तयार असेल. नमस्कार.