हसायचं कधी, हे मुलं कुठे शिकतात?

श्रोतेहो, नमस्कार.

जून १९८३. सॅली राइड अंतराळात निघाल्या होत्या, असा मान मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट, यानाचा यांत्रिक हात चालवण्यात तरबेज. उड्डाणाआधीच्या पत्रकार परिषदेत त्यांना विचारलं गेलं, काम करताना काही बिघडलं तर तुम्ही रडता का? हे रिकला का नाही विचारत कोणी, असं त्या म्हणाल्या. रिक म्हणजे त्याच यानाचा वैमानिक. आणि टीव्हीवर विनोद झाला, की बाईंना बुटांना शोभणारी पर्स सापडेपर्यंत उड्डाण पुढे ढकललंय.

आता जून २०१७ मध्ये या. चौतीस वर्षांनंतर. आपली तेव्हाची कर्णधार मिताली राज विश्वचषकासाठी इंग्लंडमध्ये. त्यांना प्रश्न काय, तर तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? पुरुष खेळाडूंना त्यांची आवडती महिला क्रिकेटपटू विचारता का, असं मितालीने तिथल्या तिथे सुनावलं. मोठ्या माणसाला असं उत्तर सुचतं. पण घरात बसून हे ऐकणाऱ्या मुलांचं काय?

विनोद कळायचं त्यांचं वय नसतं. पण हसायचं कधी, ते त्यांना बरोबर कळतं. पुन्हा सांगते, हसायचं कधी, ते. विनोदी मालिकांत मागून सोडलेला तयार हशा असतो ना, तो मला म्हणूनच खपत नाही. हसू आलं तर माणूस हसेल की! तो काढून टाकला तर निम्म्या मालिका उभ्या राहणार नाहीत, हे माझं जुनं मत आहे. असो.

ज्यासाठी आज बोलायला बसले, ते आता सांगते. त्याच विश्वचषकाचा उपांत्य सामना, २० जुलै, समोर ऑस्ट्रेलिया. हरमनप्रीत कौरने ११५ चेंडूंत नाबाद १७१ केल्या, तो दिवस. आम्ही सगळे टीव्हीसमोर. माझा मुलगा सात वर्षांचा. राहायला आलेली माझी भाची नऊ वर्षांची. हरमनप्रीतने एक षटकार असा ठोकला की भाची उठून उभीच राहिली. तेवढ्यात आमचे भाऊजी म्हणाले, "हिच्या घरी स्वयंपाक कोण करतं हो?" आणि मांडीवर थाप मारली. सगळे हसले. मीही हसले. भाऊजी मनाने वाईट नाहीत. भाचीला पहिली बॅट त्यांनीच आणून दिली होती.

रविवारी मुलं पत्रकार परिषद खेळत होती. माइक म्हणून माझा कंगवा. मुलांना महागडी खेळणी लागत नाहीत, हे मी किती वेळा सांगू! कंगवा, उशी, रिकामं खोकं, बास. तर भाची कॅप्टन. खुर्चीत उशी ठेवून वर बसलेली, कारण कॅप्टन उंच दिसायला हवी. माझ्या मुलाने कंगवा पुढे केला.

"मॅडम, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं हो?"

आणि मांडीवर थाप. तोच आवाज, तोच लांबवलेला 'हो', थापेआधी घेतलेला तोच श्वास. शेजारची दोन मुलं खेळायला आली होती. सामन्याच्या दिवशी ती आमच्याकडे नव्हती. तीही बरोबर थापेवर हसली.

भाची रडली नाही, रागावली नाही. खाली उतरली, उशी बाजूला केली आणि म्हणाली, "आता तू कॅप्टन हो. मी प्रश्न विचारणार."

श्रोतेहो, प्रश्न विचारणाऱ्यावर कोणी हसत नाही, एवढं तिने तीन दिवसांत हेरलं होतं. आणि माझा मुलगा खुर्चीत बसल्यावर तिने त्याला काय विचारलं माहीत आहे? "सर, तुमची सगळ्यात चांगली खेळी कोणती?" त्याने ऐटीत, हातवारे करत सांगितली. कोणी हसलं नाही. त्याला स्वयंपाकाचं विचारावं असं तिच्याही मनात आलं नाही. हे मला त्या थापेहून जास्त लागलं.

मी दारातच उभी होते. आत गेले, कंगवा मागून घेतला, भाचीला म्हटलं, "बस गं वर." ती बसली, पण उशी न घेता, खुर्चीच्या कडेवर.

"कॅप्टन, तुमचा सगळ्यात अवघड झेल कोणता?"

तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर जातोय का, ते. कंगवा मी दोन्ही हातांनी धरला. मग ती हळूहळू बोलायला लागली, "मावशी, ऊन डोळ्यांवर होतं, चेंडू दिसतच नव्हता, नुसता आवाज आला…"