चहाचे पैसे दिलेत

(काळा पडदा. फ्रीव्हीलची टिकटिक. हळूहळू चित्र उजळतं.)

पहाटेचे पावणेसहा. डिसेंबर. पुण्याच्या बायपासला लागून असलेल्या एका पेट्रोल पंपाच्या आवारात चाळीसेक सायकली उभ्या आहेत. एक जण प्रत्येकाचा मागचा दिवा लावून बघतोय, पुढचा लावून बघतोय, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आहे का विचारतोय. दिवा नाही तर सोडणार नाही, विषय संपला.

डावीकडे तिसऱ्यांदा हातमोजे काढून घालणारा माणूस मी. शेजारी जांभई देत उभी आहे ती माझी बायको. आणि जी तिन्ही सायकलींची चाकं अंगठ्याने दाबून बघतेय, ती बायकोची कॉलेजातली मैत्रीण. शाळेत फिजिक्स शिकवते. मला ‘भावोजी’ म्हणते. त्यात मान कमी आणि खेचणं जास्त.

ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला बीआरएम म्हणतात. आज तीनशेची आहे. तीनशे किलोमीटर, वीस तास. सकाळी सहाला सुटायचं, महामार्गाने साताऱ्याच्या पुढे उंब्रजपर्यंत जायचं, तिथून मागे फिरायचं आणि रात्री दोनच्या आत याच पंपावर हजर व्हायचं. दोनशेला साडेतेरा तास मिळतात, चारशेला 27, सहाशेला 40. एका वर्षात ही चारही केली की तुम्ही सुपर रॅन्डोनियर. मैत्रीण आहे. बायकोची सहाशे तेवढी राहिलीय. मी एकदा दोनशे केली आहे, 12 मिनिटं शिल्लक ठेवून.

ताशी 15 किलोमीटर म्हणजे काही वेग नव्हे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण सहाला सुरू झालेलं घड्याळ पुन्हा थांबत नाही. पंक्चर, चहा, लघवी, डुलकी, नवरा-बायकोचं भांडण, सगळं त्या वीस तासांतच.

(हँडलवरच्या कॅमेऱ्यातून: कात्रजच्या नव्या बोगद्याचे दिवे मागे पळताना.)

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या फिल्ममध्ये गाडीतून घेतलेली सुंदर दृश्यं दिसणार नाहीत. मागे मदतीची गाडी घेऊन फिरणं नियमात बसत नाही. मदत घ्यायची तर कंट्रोलवर, म्हणजे जिथे कार्डावर शिक्का पडतो तिथे. मधल्या रस्त्यावर तुमचं तुम्ही. त्यामुळे पुढे दिसेल ते माझ्या हँडलवरच्या छोट्या कॅमेऱ्याने टिपलेलं आहे, आणि त्याची बॅटरी माझ्याआधी संपली.

खेड शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ. थंडी अशी की बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत ते बघून ठरवावं लागत होतं. सपाटीला आम्ही एका रेषेत होतो. पुढे मैत्रीण, मध्ये मी, मागे बायको. दर पाच किलोमीटरला पुढचा बाजूला होऊन मागे जायचा. मैत्रिणीने हे आदल्या दिवशी कागदावर काढून समजावलं होतं. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. तो पुढच्याने झेलला की मागच्याचे कष्ट पुष्कळ वाचतात. माझी पाळी आली की पाच किलोमीटरचे तीन व्हायचे. दोघींपैकी कुणी बोललं नाही, पण मला समजत होतं.

सारोळ्याला नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो. शिरवळला पोहे खाल्ले. आणि मग समोर खंबाटकी.

(घाट. कॅमेरा हलतोय. धापा ऐकू येतात. निवेदन थोडं थांबून.)

आम्ही गेलो तेव्हा पुण्याहून जाताना घाट चढावा लागायचा. येताना बोगदा होता. घाटात सायकलचा वेग सातावर येतो आणि सातच्या वेगाला वारा नावाची वस्तूच उरत नाही. उरतं फक्त वजन. माझं तुम्हाला दिसतंच आहे. इथे कुणाच्या मागे लपून काही वाचत नाही.

आमचा घाटापुरता एक ठराव होता: कुणी कुणासाठी थांबायचं नाही, वर चहाच्या टपरीवर भेटायचं. हा ठराव सिंहगडच्या रस्त्यावर जन्माला आला. सरावाला जायचो तेव्हा बायको प्रत्येक वळणावर माझ्यासाठी थांबायची. मी घामाघूम होऊन पोचलो की ती म्हणायची, “आलास? चल.” आणि निघायची. म्हणजे थांबणारी ताजीतवानी आणि ज्याच्यासाठी थांबली त्याला दम खायला एक मिनिट नाही. तिसऱ्या वळणावर मी सायकल आडवी टाकून भांडलो होतो. तिचं म्हणणं, मी थांबते तर तुला त्याचं काहीच नाही. माझं म्हणणं, थांबूच नकोस. लग्नाला 19 वर्षं झाली होती तेव्हा.

हे भांडण सायकलच्या जगात शंभर वर्षांहून जुनं आहे, हे मला नंतर कळलं. 1897 मध्ये काही इटालियन सायकलस्वार उजेड आहे तोवर रोमहून नेपल्सला पोचले. 230 किलोमीटर. त्यांना ‘ऑडॅक्स’ म्हणू लागले, म्हणजे धाडसी. ती कल्पना फ्रान्सने उचलली. 1904 मध्ये पॅरिसला ऑडॅक्स क्लब निघाला. तिथला नियम होता की सगळ्यांनी रस्ता-कप्तानाच्या मागे, एकाच वेगाने, घोळक्याने जायचं. पुढे फाटाफूट झाली आणि 1921 मध्ये त्या क्लबने ज्याच्या त्याच्या वेगाने जायची ब्रेवे, म्हणजे अशी शिक्क्यांची राइड, सुरू केली. शिक्के वेळेत घ्या, बाकी तुम्ही आणि तुमची सायकल. आज आपल्याकडे बीआरएम होतात त्या या दुसऱ्या वळणाच्या. उंब्रजला मारलेल्या शिक्क्याला शेवटची मान्यता आजही पॅरिसहून येते. थोडक्यात, फ्रेंच लोकांनी बायकोच्या नाही, माझ्या बाजूने निकाल दिला होता. हे मी तिला घाटमाथ्यावर सांगितलं. ती दोन चहा पिऊन बसली होती. म्हणाली, “कळलं. आता पाणी भर.”

(भुईंजजवळ. तिघेही रस्त्याच्या कडेला. उलटी केलेली सायकल.)

सुरूर फाटा गेला. भुईंजला कृष्णा लागते, आणि नदीच्या आधी मळीचा वास लागतो. कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. इथे माझं मागचं चाक बसलं.

महामार्गावरचं पंक्चर सहसा खिळ्याने होत नाही. ट्रकचा टायर फुटला की त्यातल्या तारेचे केसाएवढे तुकडे रस्त्याच्या कडेला पसरतात, आणि सायकलची जागा नेमकी कडेलाच. नवी ट्यूब घालायला दहा मिनिटं पुरतात. पण ती तार टायरमध्ये तशीच राहिली तर नवी ट्यूब पुढच्या दोन किलोमीटरात जाते. माझी गेली. मग बायकोने भुवयांचा चिमटा काढला. टायर उलटा करून, आतून एकेक बोट फिरवत मैत्रिणीने तार शोधली. बोटाला टोचली तेव्हा “सापडली!” असं ओरडली आणि बोट तोंडात घातलं. मिशीचा अर्धा केस असेल नसेल एवढा तुकडा. त्याने आमची 50 मिनिटं खाल्ली. तो चिमटा आता कायमचा सायकलच्या पिशवीत असतो, आणि भुवयांसाठी नवा आणावा लागला त्याचा उल्लेख घरी अधूनमधून होतो.

सातारा, नागठाणे, अतीत. यातलं मला फार आठवत नाही. अजिंक्यतारा डाव्या हाताला होता की उजव्या, यावरही घरी आल्यावर वाद झाला.

(उंब्रज. टेबलावर तीन कार्डं. शिक्का पडतो.)

उंब्रज, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. कंट्रोल चारला बंद होणार होतं. दीडशे किलोमीटर झाले. या दोघींनी दहीभात खाल्ला. मला अन्नाचा वास नको झाला होता. “नंतर खातो,” म्हणालो. फिल्ममध्ये हे वाक्य आहे, ऐका, मी हसत म्हणतोय.

शरीरात साखरेचा साठा असतो, थोडा यकृतात, बराचसा स्नायूंत. नेटाने पायडल मारत राहिलं आणि वरून काही घातलं नाही, तर काही तासांत तो संपतो. चरबी असते, माझ्याकडे तर मुबलक आहे, पण ती निवांत जळते, घाईला उपयोगी नाही. सायकलवाले याला ‘बॉन्क’ म्हणतात. आमच्या भाषेत पेट्रोल संपलं. पाय जड होतात ते ठीक आहे. भीती वाटते ती डोक्याची. साताऱ्याच्या अलीकडे मला दगडावर ‘सातारा 12’ दिसलं, आणि हे 12 किलोमीटर की 12 वाजलेत, याचा मी खूप वेळ विचार करत होतो.

सहाच्या सुमारास अंधार पडला. पुढेमागे उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, मागे दिव्याचा पत्ता नाही. कधी एखादं पोतं, कधी एखादी लाल चिंधी. त्या तुमच्यापेक्षा थोड्याशाच कमी वेगाने जातात, म्हणून मागे चालावं तर पाचट डोळ्यांत, ओलांडावी तर उजवीकडून ट्रक. दिव्याच्या उजेडात मैत्रीण पुढून ओरडत होती, “ट्रॉली!”, “खड्डा!”, “दगड!” मी ते तसंच मागे ओरडून बायकोला देत होतो. काही वेळाने मी नुसताच ओरडत होतो, पुढे काय आहे ते न बघता.

सुरूरचं कंट्रोल. आठ वाजून वीस. 225 किलोमीटर. मी खुर्चीत बसलो आणि उठलो नाही.

(चित्र हलतं. खुर्चीचे पाय. आवाज फक्त.)

कॅमेरा मी मांडीवर ठेवला होता, म्हणून इथे तुम्हाला खुर्चीचे पाय दिसतायत. आवाज मात्र आलाय.

“तू जा.”
“वेड्यासारखं बोलू नकोस.”
“माझ्यामुळे तुझी वेळ जाईल.”
“वेळ आहे.”
“तू जा. थांबलीस की मला घाई होते.”

मग बराच वेळ कपांचा आवाज. मग बायको म्हणते, “बरं.”

चौघांचा एक घोळका निघत होता. ती त्यांच्या मागे लागली. तिच्या लाल दिव्याचा ठिपका महामार्गावर चढला आणि दिसेनासा झाला. मी जा म्हणालो होतो. दोनदा म्हणालो होतो. तरी ती खरोखरच गेली याचा मला राग आला, आणि हे लपवून ही फिल्म करण्यात काही अर्थ नाही.

मैत्रीण गेली नाही. “मला पण झोप येतेय,” म्हणाली. ते खोटं होतं. तिने माझ्यापुढे साखर-मीठ-लिंबाची बाटली ठेवली, दोन केळी ठेवली, राजगिऱ्याचा लाडू ठेवला आणि वर्गात बघावं तसं बघत बसली. “भावोजी, दर दहा मिनिटांनी एक घास. मी घड्याळ लावलंय.”

(पडदा काळा.)

इथे बॅटरी संपली. पुढचे 75 किलोमीटर चित्र नाही, फक्त मी सांगतोय.

खंबाटकीचा बोगदा आला. आत शिरल्यावर मागून येणारा प्रत्येक ट्रक अंगावरच येतोय असा आवाज होतो. तो खरंच जवळ आहे की दूर, कळत नाही. मैत्रीण माझ्या मागे आली आणि मोठ्याने पाढे म्हणू लागली. सत्तावीसचा. का, ते मी विचारलं नाही. बाहेर पडलो तेव्हा पाढ्यात सत्तावीस दाहे दोनशे सत्तरवर होतो आम्ही, आणि मला कळलं की मी तिच्याबरोबर म्हणतोय.

मग उतार, ते बदनाम वळण, ब्रेक दाबून दाबून. खंडाळा. शिरवळ. नीरा. पोटात साखर पोचली होती. माणसात आलो होतो.

कापूरहोळच्या अलीकडे एक टपरी उघडी होती. सव्वाअकरा वाजले असतील. आम्ही टेकलो तसा टपरीवाला जॅकेटकडे बघून म्हणाला, “पुण्याचेच ना तुम्ही? सायकलवाले?”

“हो.”

“मघाशी एक ताई येऊन गेल्या. म्हणाल्या, मागून पिवळ्या जॅकेटवाला एक येईल, चष्म्याचा, दमलेला असेल. त्याला चहा द्या आणि एक क्रीमरोल. पैसे दिलेत.”

माझ्या घशात काहीतरी आलं. मैत्रीण दुसरीकडे बघायला लागली.

“द्या मग,” मी म्हटलं.

“अहो, तो पिऊन गेला,” टपरीवाला म्हणाला. “अर्धा तास झाला. पिवळं जॅकेट, चष्मा. लई दमला होता बिचारा. मी म्हटलं, घ्या, पैसे दिलेत. तर तो म्हणाला, असं पण असतं का बीआरएममध्ये? क्रीमरोल दोन खाल्ले त्याने, एकाचे त्याने दिले.”

मैत्रीण खाली बसली. हसून हसून तिच्या पोटात गोळा आला. त्या दिवशी रस्त्यावर चाळीस माणसं होती आणि चाळीसही पिवळ्या जॅकेटात. आम्ही आमचे पैसे देऊन दोन चहा घेतले.

कंट्रोल नसलेल्या जागी कुणी तुमच्यासाठी चहाचे पैसे भरून ठेवले, तर ती बाहेरची मदत धरायची का, हा प्रश्न मी आयोजकांना अजून विचारलेला नाही.

(चित्र परत येतं. पंप. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून घेतलेलं.)

एक वाजून चोवीस मिनिटं. ही दृश्यं बायकोने काढलीत, म्हणून हलतायत. ती बारा पन्नासला पोचली होती. अंगावर कुणाची तरी शाल, हातात माझ्या गाडीची किल्ली. माझ्या कार्डावर शेवटचा शिक्का पडला: 19 तास 24 मिनिटं.

तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: “चहा मिळाला?”

मी मैत्रिणीकडे बघितलं. मैत्रिणीने माझ्याकडे.

“मिळाला,” मी म्हणालो.

“आणि क्रीमरोल?”

आता मात्र मैत्रिणीला राहवलं नाही. सगळं सांगून झालं तेव्हा बायको फोन मैत्रिणीच्या हाती देऊन पंपाच्या कठड्यावर बसून डोळे पुसत होती. आणि तिच्या मागे, फ्रेमच्या अगदी कोपऱ्यात, पिवळं जॅकेट आणि चष्मा घातलेला एक माणूस सायकल गाडीच्या टपावर बांधतोय. नीट बघा. आम्हालाही हे एडिट करताना दिसलं.