प्रेस्टेजबाईंचा वर्ग

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ज्युएल प्रेस्टेज या अमेरिकन प्राध्यापिकेविषयी. जन्म १९३१चा, लुइझियाना राज्यातला. तिथलं गोऱ्यांचं सरकारी विद्यापीठ कृष्णवर्णीय मुलीला घेईना, म्हणून त्या शिकायला दूर आयोवा राज्यात गेल्या. १९५४ साली, वयाच्या २२व्या वर्षी त्यांनी राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. आणि १९५६ला परतल्या कुठे? लुइझियानातच, बॅटन रूज शहरातल्या, कृष्णवर्णीयांच्या सदर्न विद्यापीठात शिकवायला.

ते राज्य कसं होतं, ऐका. मतदार यादीत नाव घालायला गेलं की कचेरीतला अधिकारी राज्यघटनेतलं कलम पुढे करायचा, याचा अर्थ सांग म्हणायचा. एका कृष्णवर्णीय अर्जदाराला झडतीचं कलम आलं. उत्तर असं होतं: कुणालाही उठून दुसऱ्याच्या घरात शिरून सामान नेता येत नाही, वॉरंट लागतं, आणि काय शोधायचं, काय जप्त करायचं ते त्यात लिहावं लागतं. वकील तरी याहून वेगळं काय सांगणार? अर्ज नामंजूर! एका गोऱ्या अर्जदाराला भाषणस्वातंत्र्याचं कलम आलं. लिहायचं होतं ‘फ्रीडम ऑफ स्पीच’. लिहिलं काय, तर ‘फ्रडम फूफ स्पेट्घ’. पुन्हा सांगते, ‘फ्रडम फूफ स्पेट्घ’. अर्ज मंजूर! हे दोन्ही अर्ज कोर्टाच्या निकालपत्रात नोंदलेले आहेत. ही परीक्षा रद्द करणारा निकाल सुप्रीम कोर्टाने कायम केला तो १९६५ साली.

म्हणजे राज्यात ही परीक्षा घेतली जात होती, त्या काळातच प्रेस्टेजबाई कृष्णवर्णीय मुलामुलींना राज्यशास्त्र शिकवत होत्या. त्यांच्या हाताखालचे कितीतरी विद्यार्थी पुढे याच विषयात डॉक्टर झाले. माझं तर ठाम मत आहे, प्राध्यापकाची थोरवी विद्यार्थ्यांत शोधावी. हल्ली प्राध्यापकांना शिकवण्यापेक्षा कागद भरायलाच जास्त बसवतात, ते मला मुळीच पटत नाही.

असो. त्यांच्या संशोधनाचा मुद्दा नीट लक्षात घ्या. वंशाचा अभ्यास करणारे पुरुषांकडे बघायचे. स्त्रियांचा अभ्यास करणारे गोऱ्या स्त्रियांकडे बघायचे. कृष्णवर्णीय स्त्री दोन्हीकडून सुटायची. बाईंनी विधिमंडळात निवडून आलेल्या अशा स्त्रियांचाच अभ्यास मांडला, आणि १९७७ साली मेरिअन गिथेन्स यांच्यासोबत राजकारणातल्या स्त्रियांवरचा ग्रंथ संपादित केला. पुढे अधिष्ठाता झाल्या, देशभर मान मिळाला. २०१४ साली त्या गेल्या, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत त्यांचे विद्यार्थी शिकवत होते.