ऑटोक्लेव्हच्या आधी: शस्त्रक्रियेची उपकरणे खरोखर निर्जंतुक कशी होतात?

नमस्कार. शस्त्रक्रियेत वापरलेल्या कात्र्या, चिमटे आणि आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी दाबून धरणारे चिमटे) पुढच्या रुग्णासाठी सुरक्षित कशा होतात, असे विचारले की बहुतेकांचे बोट ऑटोक्लेव्हकडे, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राकडे जाते. आज मात्र मी अधिक वेळ सिंकपाशी घालवणार आहे; कारण उपकरण नीट धुतलेलेच नसेल, तर नंतरचे तापमान कितीही अचूक असले तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ नीट पोहोचत नाही आणि तिथे दडलेले जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचे अतिशय चिवट सुप्त रूप, जिवंत राहू शकतात.

म्हणून धुण्याची तयारी ऑपरेशन थिएटरमध्येच सुरू होते. उपकरणांवरचे रक्त वाळू द्यायचे नाही, ती ओलसर ठेवायची. पण त्यासाठी सलाइन वापरायचे नाही, कारण त्यातील क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी उपकरणे आधी हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) द्रावणात बुडवण्याची पद्धत अजून चालू आहे आणि ती सुरक्षित वाटते, हे मी समजू शकतो. परंतु रक्तामुळे त्या द्रावणाची शक्ती कमी होते आणि धातू गंजतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही धुण्याआधी जंतुनाशकात भिजवण्याची शिफारस केलेली नाही.

(जवळून दृश्य: आर्टरी फोर्सेप्सचा सांधा)

हा सांधा पाहा. घाण इथे साचते, म्हणून प्रत्येक उपकरण पूर्ण उघडून आणि सुटे होणारे भाग सुटे करूनच धुवायचे. पहिले पाणी थंड किंवा कोमट असावे. गरम पाण्याने रक्तातील प्रथिने गोठतात आणि उकडलेल्या अंड्याप्रमाणे धातूला चिकटून बसतात. त्यानंतर एन्झाइमयुक्त द्रावणात, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ, उपकरणे भिजवायची. ब्रश पाण्याच्या पृष्ठभागाखालीच चालवायचा, म्हणजे तुषार उडून तोंडावर येणार नाहीत. जाड हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड आणि अंगावर जलरोधक एप्रन हवाच. शेवटी शुद्ध केलेल्या पाण्याने खळाळून, पूर्ण कोरडे करून, भिंगाखाली तपासायचे. डाग दिसला तर उपकरण पुन्हा सिंककडे जाते. ‘ऑटोक्लेव्हमध्ये निघेल’ असे म्हणून ते पुढे ढकलायचे नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची उपकरणे या बाबतीत सर्वांत अवघड. नळी लांब आणि अरुंद, आत अनेक जोड, आणि त्यात अडकलेले रक्त बाहेरून दिसत नाही. ती ग्लुटारअल्डिहाइड या जंतुनाशकाच्या २ टक्के द्रावणात २० मिनिटे ठेवून पुढच्या रुग्णासाठी वापरण्याची प्रथा बरीच पसरलेली आहे. तेवढ्या वेळात बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी सुमारे १० तास लागतात. शिवाय नंतर ती साध्या नळाच्या पाण्याने धुतली, तर त्या पाण्यात राहणारे असामान्य मायकोबॅक्टेरिया (क्षयरोगाच्या जिवाणूचे भाऊबंद) पुन्हा उपकरणावर येऊ शकतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी, छिद्राची जखम भरलेली असताना, तिथे गाठ येते किंवा पू वाहू लागतो आणि नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत. भारतातील शल्यचिकित्सकांना हा त्रास चांगलाच परिचित आहे. जे उपकरण उष्णता सहन करते ते वाफेनेच निर्जंतुक करावे, आणि जे करत नाही त्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा वापरावा.

आता ऑटोक्लेव्ह. इथे काम करते ती कोरडी उष्णता नव्हे, तर उपकरणाला स्पर्श होताच पाणी होणारी आणि त्या क्षणी आपली उष्णता सोडणारी वाफ. आत हवा अडकली, तर काटा योग्य दाब दाखवतो, पण तापमान तेवढे चढत नाही. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये गुंडाळलेल्या उपकरणांसाठी १२१ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे धरतात. हवा आधी पंपाने खेचून काढणाऱ्या यंत्रात १३२ अंशांना ४ मिनिटे पुरतात. ही मिनिटे तापमान गाठल्यानंतर मोजायची. ड्रम (गठ्ठे ठेवण्याचा छिद्रांचा धातूचा डबा) वापरत असाल, तर आत ठेवताना त्याची छिद्रे उघडी आणि बाहेर काढताच बंद. गठ्ठे मात्र ठासून भरू नका. ओला निघालेला गठ्ठा निर्जंतुक मानायचा नाही, कारण ओल्या कापडातून जंतू आत शिरतात.

इंडिकेटर टेपवर काळे पट्टे उमटले म्हणजे काम झाले, हा समज सोडून द्यायला हवा. ती टेप एवढेच सांगते की गठ्ठा ऑटोक्लेव्हमधून जाऊन आला आहे. गठ्ठ्याच्या आतली रासायनिक पट्टी थोडे अधिक सांगते. हवा खेचणाऱ्या यंत्रासाठी, १९६३ साली मांडली गेलेली बोवी-डिक चाचणी, जी हवा पूर्ण निघते का हे तपासते, रोज पहिल्या फेरीआधी रिकाम्या यंत्रात करतात. खरा निर्वाळा देतात ते जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू, जे वाफेला फार चिवट असतात; ते फेरीत ठेवून नंतर मेले का हे पाहतात. ते मेले नसतील, तर मागच्या यशस्वी चाचणीनंतरच्या फेऱ्यांमधील न वापरलेले गठ्ठे परत मागवावे लागतात. प्रत्येक गठ्ठ्यावर यंत्राचा क्रमांक, फेरीचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असेल, आणि कोणता गठ्ठा कोणत्या रुग्णासाठी उघडला हे नोंदवहीत असेल, तरच ते शक्य होते.