डोंगराची सोंड आणि सहा सेकंद

(दृश्य : धरमशालेच्या वरच्या भागातल्या मॅक्लिऑडगंजची पत्र्याची छपरं, मागे धौलाधारची डोंगररांग.)

धरमशालेत एखाद्या गच्चीवरून पलीकडच्या उतारावरची शाळा स्वच्छ दिसते, पण शाळेमागचा दवाखाना दिसत नाही. मध्ये डोंगराची सोंड आडवी येते. जे डोळ्याला दिसत नाही, तिथे वाय-फायही सहसा पोचत नाही. एकाच उंच मनोऱ्यावरून सगळ्या गावाला सिग्नल वाटायची सपाटीवरची युक्ती इथे चालली नाही, ती या सोंडेमुळे.

जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा इमारतीबाहेरच्या वापरासाठी परवानामुक्त केला. फेब्रुवारी संपेपर्यंत इथली ८ संकुलं बिनतारी जाळ्याने एकमेकांना जोडली गेली होती. ऑक्टोबर २००६ मध्ये याच गावात बिनतारी जाळी उभारणाऱ्या ‘एअरजल्दी’ या संस्थेची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. महिना सोयीचा. पावसाळा ओसरलेला असतो, बर्फ अजून वरच असतं, आणि कुठून काय दिसतं हे बघायला हवा स्वच्छ लागतेच.

इथे येऊन असं जाळं उभारून बघायचं असेल तर पठाणकोटपर्यंत ब्रॉडगेज, पुढे घाटरस्ता. विमानतळ गग्गलला. प्रात्यक्षिकासाठी लागणारी शिसे-आम्लाची बॅटरी विमानातून आणायच्या फंदात पडू नये. ती खाली मैदानातच विकत घ्यावी. केबलचे कनेक्टर मात्र स्वतःचे आणावेत. अँटेनाची एक चुकीची पिन मिळाली की अख्खा दिवस बाजार शोधण्यात जातो.

(दृश्य : खांबावरचा राउटर, जवळून.)

इथलं जाळं मेश पद्धतीचं. प्रत्येक राउटर शेजाऱ्याचा निरोप पुढे देतो, म्हणून सोंडेला वळसा घालता येतो. सुरुवातीच्या त्या वर्षांत तीसहून अधिक ठाणी (म्हणजे राउटर बसवलेल्या जागा) होती, सगळी एकाच रेडिओ चॅनेलवर. यात एक मेख आहे. एका रेडिओला एकाच वेळी ऐकता आणि बोलता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यावर वेग निम्मा होतो, तिसऱ्यावर एक तृतीयांश. जोडलेले संगणक तेव्हा दोन हजारांवर आणि बाहेरच्या इंटरनेटची जोडणी एकूण सेकंदाला ६ मेगाबिटची होती. सगळे एकदम बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३ किलोबिट! म्हणून एकदा उतरवलेली पानं स्थानिक सर्व्हरवर साठवणं भागच पडे.

आता छपरावर. २ किलोमीटरच्या जोडणीत लहरींना मधोमध सुमारे ८ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, आणि तिचा ६० टक्के भाग तरी निर्वेध असावा. समोरचं टोक दिसतंय एवढ्यावर भागत नाही. देवदाराचा शेंडा रेषेच्या ५ मीटर खाली असेल तर ठीक. २ मीटर खाली असेल तर कोरड्या दिवशी जोडणी चालेल आणि ओल्या दिवशी रडेल, कारण भिजलेल्या पानोळ्यातलं पाणी हा पट्टा शोषून घेतं.

वीज हा दुसरा छळ. ६ वॉटचा राउटर दिवसाला १४४ वॉट-तास खातो. ढगाळ तीन दिवसांचे झाले ४३२. बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही असं ठरवलं, तर १२ व्होल्टची ७२ अँपिअर-तासांची बॅटरी लागते. यात काटकसर केली की पहिल्याच पावसाळ्यात ठाणं झोपतं. वीज नेटवर्क केबलमधूनच वर चढवायची असेल तर अंतर मोजा. ३० मीटर केबल आणि अर्धा अँपिअर प्रवाह असला की दीड व्होल्टच्या आसपास वाटेतच जिरतो.

(दृश्य : जोडावर गुंडाळली जाणारी रबरी टेप.)

आणि पाणी. इथला पाऊस देशातल्या मोठ्या पावसांपैकी. टेप खालून वर गुंडाळायची, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक थर पाण्याची पन्हाळ होतो. केबल पेटीत खालूनच न्यायची, आणि आत शिरण्याआधी तिला लोंबता झोळ द्यायचा, थेंब तिथूनच गळून जातात. जोडात शिरलेलं पाणी लगेच कळत नाही. सिग्नल आठवड्याला थोडाथोडा उतरत जातो आणि दोष राउटरवर येतो. केबल लोखंडी नळीतून घ्यावी. माकडांना लोंबत्या दोरीचा मोह फार. खांबाला भूमिजोडणी (अर्थिंग) हवीच, वीज कोसळते ती उंच टोकावर.

जाळं नीट बसलं का, याची परीक्षा सोपी आहे. मधल्या एका ठाण्याची वीज काढा आणि घड्याळ लावा. निरोप कुठल्या वाटेने न्यायचा हे ठरवणाऱ्या ओएलएसआर या मार्गशोधन पद्धतीच्या मूळ मांडणीत प्रत्येक ठाणं दर २ सेकंदांनी हाळी देतं. ६ सेकंद हाळी आली नाही की शेजारची ठाणी ते बंद पडलं असं धरतात आणि दुसरी वाट शोधतात. ही बातमी दूरच्या ठाण्यांपर्यंत पोचायला आणखी काही सेकंद. मिनिट उलटूनही पलीकडची शाळा परतली नाही, तर तिला दुसरी वाटच नाही. मग सॉफ्टवेअर उघडत बसू नये. शिडी घ्यावी आणि सोंडेपलीकडे आणखी एक खांब कुठे उभा राहील ते बघावं.